शंभर टक्क्यांतून वजा

अल् घुब्रा, मस्कत, शनिवार, ५ जून २००४

चि. दयानंद यास,

बुधवार, २ जून, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वेळ मी सभागृहाच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ अकरा वर्षं मीच बरोबर लावून घेत होते, त्यामुळे वेळेबद्दल वाद नको.

त्या वेळी तू आमच्या शाळेच्या व्यासपीठावर उभा राहिलास आणि पडद्यावर एक तक्ता दाखवलास. दोन ओळी. वरच्या ओळीत टेकडीवरची शाळा : दहावीला बसले ९४, पास ९४, सरासरी ८१. खालच्या ओळीत आमची : बसले ३१८, पास २८९, सरासरी ६३. खालची ओळ लाल रंगात. मग तू म्हणालास, "रिझल्ट म्हणजे शिक्षकांचा आरसा. आकडे कोणाची बाजू घेत नाहीत." आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलंस.

तिसऱ्या रांगेत मी बसले होते. मार्चअखेर निवृत्त झालेली गणिताची विभागप्रमुख, अकरा वर्षं परीक्षाप्रमुख. शेजारच्या बाईंनी माझा हात हळूच दाबला. घरात कोणी गेलं की दाबतात तसा.

तू कंपनीतर्फे आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालास त्याला अजून वर्ष नाही. रुसैलच्या कारखान्यात तू प्रॉडक्शन मॅनेजर आहेस. तिथे एका यंत्रात चांगला माल घातला, दुसऱ्यात भंगार मिसळलेला, आणि मग बाहेर आलेल्या पत्र्याची तुलना करून तू दुसऱ्या यंत्राच्या कामगाराला झापलंस, तर तुझा मालक, तो अर्बाब, तुला त्याच दिवशी विमानात बसवेल. शाळेत मात्र टाळ्या पडल्या.

टेकडीवरची शाळा पहिलीला चाचणी घेते आणि सहावीला पुन्हा चाचणी घेते. आमची शाळा दार उघडं ठेवते आणि जो येईल त्याला बाक देते. हा फरक तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे? मला सापडला नाही. चष्मा नवा आहे.

तीन वर्षं आपण बोललो नाही. त्या विषयावर मी आज लिहिणार नाही. मला हवं आहे ते एवढंच : हा तक्ता अपुरा होता, असं एक ओळीचं पत्रक शाळेच्या फलकावर लाव. सुट्टी लागायच्या आत.

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

इंदुताई

बुधवार, १६ जून २००४

चि. दयानंद,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या भाऊजींच्या ऑफिसच्या ई-मेलवर, दोन वाक्यांचं, इंग्रजीत. त्यांनी छापून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पालथं ठेवलं, म्हणजे मला आधी जेवता यावं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो : "ताई, आकडे खोटे आहेत का ते सांग. भावना बाजूला ठेव."

ठेवल्या. आता वाच.

मार्च १९९९ मध्ये मस्कतमधल्या आपल्या भारतीय शाळांनी पाचवीची एक सामायिक परीक्षा घेतली होती, गणित आणि इंग्रजीची. प्रश्न तेच, तपासणारे एकमेकांच्या शाळेतले. ती परीक्षा पुढच्या वर्षी बंद पडली, कारण कोणालाच तिचे निकाल आवडले नाहीत. पण यादी माझ्याकडे आहे. निळ्या रजिस्टरात, नावांसकट. ती मुलं या वर्षी दहावीला बसली. बोर्डाचं गॅझेटही माझ्याकडे आहे. दोन्ही समोर ठेवून मी आठ दिवस बसले. निवृत्त बाईला दुसरं काम काय? लोणची मला येत नाहीत.

पाचवीत पंचाहत्तरच्या वर गुण मिळालेली मुलं घे. टेकडीवरच्या शाळेत अशी ७१ होती, आमच्याकडे ६६. या वर्षी दहावीत त्यांच्या ७१ जणांची सरासरी ८४. आमच्या ६६ जणांची ८३. एक टक्का त्यांचा. घे, त्यावर माझी हरकत नाही. पण त्यांच्या वर्गात छत्तीस मुलं असतात आणि आमच्या वर्गात बावन्न, हे लक्षात ठेव.

आता दुसरं टोक. पाचवीत पंचेचाळीसच्या खाली गेलेली मुलं. टेकडीवरच्या शाळेत तेव्हा अशी चौदा होती. पहिलीची चाचणी पास होऊन आलेली, तरीही चौदा. मूल पाच वर्षांचं असताना त्याची पारख करता येते असं मानणाऱ्यांनी या आकड्यावर थोडं थांबावं. या वर्षी त्यांच्या दहावीत त्या चौदांपैकी किती बसली? शून्य. एकही नाही.

ती कुठे गेली? शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन अकरा जणं आमच्याकडे आली, कोणी सहावीत, कोणी आठवीत, दोघं तर नववीच्या नावनोंदणीच्या आठवडाभर आधी. त्या अकरांपैकी आठ या वर्षी पास झाली. तीन नापास. ती तीन नापास मुलं तुझ्या लाल ओळीत आहेत. त्यांना पहिलीपासून शिकवणारी शाळा वरच्या ओळीत आहे, शंभर टक्क्यांच्या शेजारी. आणि ज्यांना त्यांनी टाकाऊ ठरवलं त्यातली आठ आमच्या मास्तरांनी पार नेली, ती कुठल्याच ओळीत नाहीत.

उरली तीन. दोन दुबईला गेली, वडिलांच्या बदलीमुळे. चौदाव्या मुलाबद्दल मी या पत्रात लिहीत नाही.

आकडे खोटे नाहीत, दयानंद. तू ते खोट्या जोडीने मांडलेस. मी शिकवत असते तर या उत्तराला दहापैकी दोन दिले असते, तेही टापटिपीबद्दल.

इंदुताई

शनिवार, १४ ऑगस्ट २००४

दयानंद,

पत्रक लागलं नाही. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मी ते सोडून दिलं होतं, खरंच. आपल्या अपमानाचं किती दिवस लोणचं घालायचं? पण काल तुझ्या कारखान्याचा बस ड्रायव्हर जैनुद्दीन माझ्याकडे आला. हातात खजुराचा डबा, चेहरा फुललेला.

त्याला तू ओळखतोस. रत्नागिरीकडचा, पूर्वी इब्राच्या बाजारात किराण्याच्या दुकानात होता, आता सकाळी तुझे कामगार रुसैलला नेतो. त्याची मुलगी मुनिबा आमच्या शाळेत नववीत आहे. मे महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे गणिताला येते. शिकवणी नाही, नुसती येते.

"टीचर, तोंड गोड करा," तो म्हणाला. "मुनिबाचा काम झाला. साहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलावला. खुर्चीवर बसवला! चहा दिला!"

"कसलं काम?"

"ती मे महिन्याची परीक्षा नाय का, तीत तिला कमी पडले. शाळेतून चिठ्ठी आली होती. मी घाबरलो. आता साहेब बोलले, जैनुद्दीन, इथे सही कर, खलास. मी बोललो, खलास साहेब? ते बोलले, खलास. आता फिकीर नाय."

त्याने खिशातून चार घड्या घातलेली कागदाची प्रत काढली. मला अभिमानाने दाखवायला. वर शाळेचं नाव, खाली इंग्रजीत तीन ओळी : मी माझ्या पाल्याला स्वेच्छेने शाळेतून काढून घेत आहे आणि दहावीची परीक्षा बाहेरून देण्याची व्यवस्था स्वतः करीन. खाली उर्दू वळणाची, काळजीपूर्वक केलेली सही.

दयानंद, तू इथे सोळा वर्षं आहेस. तुला माहीत आहे की या देशात 'खलास' म्हणजे काम फत्ते. टायर बदलून झाला, खलास. व्हिसा लागला, खलास. जैनुद्दीनने बावीस वर्षं हा शब्द याच अर्थाने ऐकला आहे. आणि नागपूरकडे, आपल्या घरी, हा शब्द कशाला वापरतात तेही तुला माहीत आहे. तू कुठल्या अर्थाने म्हणालास? की तुला दोन्ही अर्थ सोयीचे होते?

मी चौकशी केली. तुझ्या समितीने 'शंभर टक्के योजना' काढली आहे. मेच्या चाचणीत चाळीसच्या खाली गेलेली नववीची पंधरा मुलं. ३१ ऑगस्टला नववीची नावनोंदणी बोर्डाकडे जाईल, त्याआधी त्यांची नावं काढायची. नाव नोंदलं नाही की दोन वर्षांनी ते मूल आपल्या निकालात नाही. पंधराही पालकांनी 'स्वेच्छेने' सह्या केल्या आहेत. त्यातले नऊ रुसैलला काम करतात. चमत्कारच म्हणायचा.

मुनिबा हुशार आहे असं मी म्हणणार नाही. तशी थाप मारणं मला जमत नाही. ती साधी आहे. दहावीत गणितात तिला चाळीस-पंचेचाळीस पडतील, घासलं तर पन्नास. पण तुमच्या चाचणीतले तिचे सहा गुण कसे गेले ते मी तुला सांगते. ती आकडे शिकली इब्राच्या दुकानात, बापाच्या तराजूशेजारी उभं राहून, अरबी पाट्यांवरून. अरबीत पाच लिहायचा तर गोल काढतात. कच्च्या कामात घाई झाली की ती आजही पाचाला गोल काढते, आणि मग उत्तर उतरवताना स्वतःच त्याला शून्य वाचते. पंचवीसाचे वीस होतात. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या वहीत पाच मरतात कुठे?" ती म्हणाली, "मिस, आय थिंक दे आर हायडिंग." मला हसू आलं. ती इंग्रजीत बोलते, अरबीत मोजते, घरी कोकणी मराठी ऐकते, आणि यातलं काय कुठे सोडून यायचं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. बाकीचे गुण गेले ते तिला येत नाही म्हणून गेले. ते मी शिकवते आहे. एप्रिलपर्यंत येईल.

जैनुद्दीनला मी काही बोलले नाही. एक खजूर खाल्ला, चहा केला, "छान" म्हटलं. तो गेल्यावर तुझे भाऊजी म्हणाले, "तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, यादी जायला अजून अठरा दिवस आहेत, दयानंद नाव परत घालेल, मग सांगायची वेळच येणार नाही. त्यांनी पेपर उचलला.

नाव परत घाल.

इंदुताई

शनिवार, २१ ऑगस्ट २००४

दयानंद,

आठवडा गेला. उत्तर नाही. दीप्तीचा फोन मात्र आला. ती बिचारी नवरा आणि नणंद अशा दोन्ही बाजूंनी पोळते. म्हणाली, "ताई, ते म्हणतात तुम्हीपण हेच केलंय. ते म्हणतात, ताईला विचार, १९९४चा फोटो कसा निघाला."

म्हणजे तुला माहीत आहे. बरं झालं. आता मला ते लिहायचं धैर्य गोळा करावं लागणार नाही, नुसतं लिहावं लागेल.

शाळेच्या कार्यालयात तो फोटो अजून आहे. १९९४, दहावीचा निकाल शंभर टक्के, मधोमध मी, निळी साडी, परीक्षाप्रमुख म्हणून माझं पहिलंच वर्ष. त्या वर्षी वर्गात उमामा नावाची मुलगी होती. वडील अमीन, रूवीत शिंपी. पूर्वपरीक्षेत तिला गणितात एकतीस पडले. बोर्डाच्या परीक्षेआधी तीन आठवडे मी अमीनला बोलावलं आणि सांगितलं, या वर्षी बसवू नका, पुढच्या वर्षी रत्नागिरीहून बाहेरून बसवा, तिच्या भल्याचं आहे. तो 'जी मॅडम' म्हणाला. माझ्या खुर्चीसमोर कोण 'नाही' म्हणणार होतं? मला शंभर हवे होते. एकटी उमामा त्या शंभराला आडवी येत होती. मी तिला वजा केलं. त्या वर्षी आम्ही पेढे वाटले.

दहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती नापासच झाली असती. माझा हा आवडता सिद्धांत होता, कारण तो तपासता येत नव्हता.

मंगळवारी मी रूवीत जाऊन तिला शोधून काढलं. वडिलांच्याच दुकानात बसते, अबायांना काठ लावते. रत्नागिरीला ती परीक्षेला बसली नाही, सतराव्या वर्षी लग्न झालं, दोन मुलगे. तिने मला लगेच ओळखलं. स्टूल पुसून दिलं. "टीचर, पातळ झालात," म्हणाली. मी काय बोलायचं ते घोकून गेले होते, ते सगळं विसरले. इकडचं तिकडचं झालं. उठताना तिनेच विचारलं, अगदी सहज, सुईत दोरा ओवता ओवता :

"टीचर, मी बसले असते तर मला किती पडले असते?"

मी पस्तीस वर्षं शिकवलं. पोरांना किती पडतील ते मी परीक्षेआधी सांगायचे आणि दोन-तीन गुणांच्या पलीकडे चुकायचे नाही. मी म्हटलं, "बेचाळीस."

"पास?"

"पास."

तिला आनंद झाला, दयानंद. खरोखर झाला. तिने धाकट्या मुलाला हाक मारून सांगितलं. खरा आकडा मला माहीत नाही, कारण तो मी होऊच दिला नाही.

तेव्हा हो, मी हेच केलं आहे. म्हणूनच तुला सांगायचा अधिकार मला इतर कोणापेक्षा जास्त आहे. या दुखण्याची मी जुनी रोगी आहे.

आता चौदावा मुलगा.

मी लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तू दीप्तीकरवी फोटोचा विषय काढलास, तर मीही एक नाव काढते, फक्त या कागदावर. रुपेशला पाचवीच्या त्या परीक्षेत एकेचाळीस होते. सातवीनंतर टेकडीवरच्या शाळेने त्याचा दाखला तुझ्या हातात ठेवला. कागदावर तेव्हाही 'स्वेच्छेने' असंच लिहिलं असणार. मी त्याच संध्याकाळी तुझ्या घरी आले आणि म्हटलं, उद्यापासून माझ्या शाळेत पाठव, माझ्या वर्गात बसव. तू म्हणालास, "तुझ्या त्या गोदामात मी माझा मुलगा टाकणार नाही." मी उठून आले. तेव्हापासून आपण बोललो नाही. तू सगळ्यांना सांगितलंस की मुलाला आपले संस्कार मिळावेत म्हणून पुण्याच्या वसतिगृहात ठेवलं. बारा वर्षांचं पोर.

दीप्तीने मला सांगितलं, जूनअखेर त्याचा दहावीचा निकाल लागला. अठ्ठावन्न टक्के. पुण्याच्या एका शाळेत, जी चाचणी घेत नाही. तू कोणाला सांगितलं नाहीस, पेढे वाटले नाहीस. का रे? अठ्ठावन्न चांगले आहेत. त्याला त्याच्या आत्याकडून शाबासकी कळव. मी त्याला वेगळं कार्डही टाकलं आहे.

तुला आठवतं? कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये माय मला घेऊन गेली. बिड्या वळून आलेले हात पदरात लपवून उभी होती. मदरने मला विचारलं, सात अधिक पाच किती. मी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. बोटं मोजायला मला लाज वाटत होती. तिने प्रवेशाच्या वहीत माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्या मुलीला हाक मारली. बस, एवढंच झालं. आणि तू सातवीत नापास झालास तेव्हा हीच माय, हौसाबाई, मुख्याध्यापकांच्या दारात तीन सकाळी बसली, त्यांनी दाखला दिला नाही, तुला वर्गात ठेवलं. त्या दोघांनी आपापल्या शाळेचा निकाल सांभाळला असता तर आज मी तुला पत्र लिहिलं नसतं आणि तू कोणाकडून सही घेतली नसतीस. हौसाबाईची दोन्ही पोरं वजा झाली असती.

आपण दोघं तिथून आलो आणि पहिली खुर्ची मिळताच दोघांनीही दार ओढून घेतलं. मी दहा वर्षं आधी, एवढाच फरक.

इंदुताई

शनिवार, २८ ऑगस्ट २००४, दुपारी चार

चि. दया,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तुझे भाऊजी स्वतः आणून देतील आणि दारातूनच परत येतील. त्यांना चहाचा आग्रह करू नकोस, ते बसतील आणि मग विषय बदलतील.

काल शुक्रवारी मी जैनुद्दीनच्या घरी गेले. दोन खोल्या, दोन कुटुंबं. त्याची बायको अमीरुन्निसा पापलेट तळत होती, मुनिबा दारात बसून माझा गृहपाठ करत होती. मी त्याला कागदाचा अर्थ सांगितला. ओळ न ओळ, मराठीत.

त्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे टीचर, खलास म्हणजे... खलास?"

"हो."

"साहेबांनी चहा दिला होता."

अमीरुन्निसा आतून म्हणाली, "तरी मी सांगत होते, आधी टीचरला दाखवा. तर म्हणे, साहेब आपल्या महाराष्ट्राचे, ते काय फसवतील?" मग तिने गॅस बंद केला. मुनिबाने वही मिटली. तिला सगळं समजलं होतं. ती मला म्हणाली, मराठीत, अडखळत, म्हणजे वडिलांनाही कळावं : "मिस, मी पाच नीट लिहीन. आता मी विसरत नाही."

तिला वाटतं पाचामुळे झालं.

मी जैनुद्दीनला म्हटलं, तुला सही मागे घेता येते. इंग्रजीत अर्ज मी लिहून देते. तो म्हणाला, नको. रत्नागिरीला सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आहे, माझ्या हाताने लिहितो. एका सहीने घात केला, आता जे लिहीन ते मला वाचता आलं पाहिजे. त्याला पाऊण तास लागला. अर्ज सोबत जोडला आहे, तरी इथे उतरवते, कारण तू जोडपत्रं वाचत नाहीस :

"माननीय अध्यक्ष साहेब यांस. मी जैनुद्दीन, तुमच्या बसचा ड्रायव्हर. मी सही केली ती न समजता केली. ती रद्द करावी. माझी मुलगी मुनिबा हिचे नाव शाळेतच ठेवावे. तिला गणित कमी येते हे मला माहीत आहे. म्हणून तर तिला शाळेत घातली आहे. नोकरीवरून काढले तरी अर्ज मागे घेणार नाही. आपला नम्र."

शेवटचं वाक्य मी खोडायला सांगितलं. त्याने खोडलं नाही.

मूळ अर्ज मराठीत आहे हे बघून मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की ते उत्तमच झालं. तुझ्या समितीत सात जणं आहेत. मराठी वाचता येणारा तू एकटा. हा अर्ज कारकुनाकडे सरकवता येणार नाही, कोणाकडून सारांश मागवता येणार नाही. तुलाच वाचावा लागेल, स्वतःच्या डोळ्यांनी.

आता माझ्या बाजूचं. मी मुख्याध्यापकांना एक निवेदन लिहून ठेवलं आहे. त्यात १९९४ साली मी उमामाला परीक्षेला बसू दिलं नाही हे तारखेसह आहे, आणि तो फोटो कार्यालयातून उतरवावा ही विनंती आहे. निवेदन सोमवारी सकाळी मी स्वतः देणार आहे, तू काहीही कर किंवा करू नकोस. त्याला अट नाही. मंगळवारी पालकसभा आहे. त्या पंधरा मुलांची नावं यादीत नसतील, तर मी तिसऱ्या रांगेतून उठेन आणि आधी माझं निवेदन वाचेन, मग निळं रजिस्टर. तुझ्या तक्त्याला मी तिसरी ओळ जोडेन : वजा केलेली मुलं. तिच्यात पहिलं नाव उमामाचं असेल, म्हणजे ती ओळ कोणाच्या डोक्यावर मारायला आणली आहे असं कोणी म्हणू नये.

रुपेशचं नाव त्या ओळीत नसेल. यादी गेली तरी नसेल, तू माझ्याशी आयुष्यभर बोलला नाहीस तरी नसेल. त्याच्यावर सौदा होणार नाही. तो आपला मुलगा आहे.

माझी फलकावरच्या पत्रकाची मागणी मी मागे घेते. माझ्या अपमानाचं मी बघून घेईन. मला पंधरा नावं हवी आहेत.

उत्तर लेखी हवं. सोमवार, ३० ऑगस्ट, दुपारी एकच्या आत, माझ्या हातात. फोन नको, ई-मेल नको, दीप्तीकरवी निरोप नको. तुझ्या अक्षरात आणि मराठीत, जैनुद्दीनला वाचून दाखवायचं आहे. त्याच्या अर्जाच्याच मागच्या बाजूला लिहिलंस तरी चालेल, जागा आहे. दोन शब्द पुरेत : नावं घातली.

'खलास' लिहू नकोस.

तुझी,
इंदुताई